मार्गस्थ मालाची जोखीम : हुंडेकऱ्यापासून ऑनलाइन विक्रेत्यापर्यंत

सावंतवाडीचा एखादा कारागीर ऑनलाइन बाजारपेठेतून नागपूरच्या ग्राहकास लाकडी खेळण्यांचा संच विकतो. पार्सल पोचते, परंतु आतील दोन खेळणी मोडलेली असतात. ग्राहक पैसे परत मागतो व ते त्यास मिळतातही. मोडका संच कारागिराच्या घरी परत येतो. त्यानंतर कारागीर नुकसानभरपाईचा दावा दाखल करू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे साधारणतः तीन प्रश्न ठेवले जातात. मालाचे घोषित मूल्य किती होते? वेष्टन पुरेसे होते काय, व त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत काय? नुकसानीची सूचना मुदतीच्या आत दिली गेली काय? ह्या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यावाचून दावा पुढे सरकत नाही. माल वाटेत कोणाच्या हाती, कोणत्या ठिकाणी आणि कशा रीतीने मोडला, हा चौथा प्रश्न मात्र त्या प्रपत्रात बहुधा नसतो; कारण त्याचे उत्तर कारागिराजवळ असूच शकत नाही.

पहिले तीन प्रश्न संगणकाच्या युगाने निर्माण केले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही. त्यांतील प्रत्येक प्रश्नास शतकाहून अधिक काळाचा इतिहास असून, तो इतिहास माल पाठविणारा आणि माल वाहणारा ह्यांच्यामधील दीर्घ झगड्याचा आहे. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आज प्रपत्रातून गळालेला चौथा प्रश्न हाच एके काळी ह्या कायद्याचा मूळ प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्याचा भार माल वाहणाऱ्यावर होता. तो भार तेथून कसा हलला, मध्यंतरी काही काळ तो पुन्हा तेथे कसा आला, आणि आजच्या विक्रेत्याच्या दृष्टीने ह्या घडामोडींचा अर्थ काय, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. हुंडेकरी आणि विमा

रेल्वेपूर्व काळात महाराष्ट्रातील व्यापारी माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाटाखाली व घाटावर जात असे. त्या वाटांवर जागोजागी जकातीची नाकी होती आणि चोरांचे भयही होते. अशा परिस्थितीत ठराविक एकमुठी रक्कम घेऊन माल इच्छित स्थळी पोचविण्याचा व वाटेतील जकाती भरण्याचा पत्कर घेणारा मध्यस्थ म्हणजे हुंडेकरी होय. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द ह्याच अर्थाने नोंदलेला आहे. व्यापाऱ्याने वाटेतील प्रत्येक खर्चाची व अडचणीची चिंता स्वतः न वाहता ती एका माणसावर सोपवावी, हे ह्या व्यवहाराचे मर्म होते.

‘विमा’ हा शब्दही इंग्रजी अमलाच्या पूर्वीचा आहे. सुजानराय ह्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘खुलासत-उत-तवारीख’ ह्या फार्सी ग्रंथात अशी माहिती येते की, वाटेच्या भयामुळे व्यापारी आपला माल सराफांच्या हवाली करीत आणि सराफ काही आकार घेऊन तो मुक्कामी सुरक्षित पोचता करीत. ह्या व्यवहारास ‘बिमा’ म्हणत. पश्चिम किनाऱ्यावरील समुद्रव्यापारात ‘जोखमी हुंडी’ प्रचलित होती. ह्या हुंडीचे पैसे माल बंदरास सुखरूप लागला तरच देय होत. जहाज बुडाल्यास हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. म्हणजे एकाच कागदात कर्ज, रकमेची रवानगी आणि विमा अशी तिन्ही कार्ये साधलेली होती.

ह्या तिन्ही व्यवहारांत एक गोष्ट समान आढळते. माल वाटेत कसा गेला, ह्याचा पुरावा व्यापाऱ्याने द्यावा अशी अपेक्षा कोठेच दिसत नाही. माल पोचला की नाही, एवढाच प्रश्न होता. पोचला नाही तर जोखीम घेणाऱ्याने ती सोसावी, आणि न सोसल्यास बाजारात त्याची पत जावी. ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र मानण्याचे कारण नाही. पत हा तिचा आधार असल्यामुळे ती ओळखीच्या वर्तुळापुरतीच चालत होती, आणि अनोळखी, लहान व्यापाऱ्यास तिचा लाभ सहज मिळणारा नव्हता. अनोळखी माणसांमधील वाहतुकीस निराळा नियम लागतो. तो भारतात आला इंग्लंडमधून.

२. वाहक हाच विमेकरी : इंग्लंडमधील नियम

भाडे घेऊन सर्वांचा माल वाहणाऱ्या सार्वजनिक वाहकावर इंग्लिश न्यायालयांनी फार कडक जबाबदारी टाकली होती. सरन्यायाधीश होल्ट ह्यांनी १७०३ साली एका प्रसिद्ध निर्णयात ह्या नियमाचे कारण सांगितले. मालक मालासोबत नसतो. वाहकाने चोरांशी संगनमत केले तर ते मालकास कधीच सिद्ध करता येणार नाही. म्हणून दैवी आपत्ती आणि राजाचे शत्रू ही दोन कारणे वगळता प्रत्येक नुकसानीस वाहक जबाबदार राहील. मराठीतील ‘आस्मानी-सुलतानी’ हा जोडशब्द येथे आठवतो. मात्र सुलतानीत स्वतःच्याच राज्यकर्त्याचा जुलूम येतो, तर इंग्लिश अपवाद परकीय शत्रूपुरता होता.

हा नियम किती कडक होता हे १७८५ च्या एका खटल्यावरून कळते. अँडोव्हरजवळ वाहकाच्या ताब्यातील हॉप्सचा माल, जवळच लागलेली आग पसरल्यामुळे जळाला. वाहकाचा कोणताही निष्काळजीपणा नव्हता, हे मान्यच होते. तरीही लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनी त्याला जबाबदार धरले आणि वाहक हा एक प्रकारे विमेकरीच होय असे म्हटले. आग माणसाच्या हातून लागते, म्हणून ती दैवी आपत्ती नव्हे, असा त्यामागील तर्क होता. ह्या नियमाचा पाया नैतिक दोषाचा नसून ज्ञानाचा आहे, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. वाटेत काय घडले हे वाहकास ठाऊक असते आणि मालकास नसते. जो जाणतो त्याने सोसावे, असा त्याचा आशय आहे.

परंतु ज्ञानाचा हा तर्क दोन्ही बाजूंनी लागू पडतो, आणि पहिल्या प्रश्नाचा उगम तेथेच आहे. १७६९ सालच्या खटल्यात कोणी एकाने जुन्या खिळ्यांच्या पिशवीत, गवताच्या आड शंभर पौंड लपवून ती पिशवी बर्मिंगहॅमहून लंडनला घोडागाडीने पाठविली. पिशवी व गवत पोचले; पैसे पोचले नाहीत. त्याच लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायासनाने भरपाई नाकारली. वाटेत काय घडते हे जसे वाहकासच ठाऊक असते, तसे पिशवीत काय आहे हे पाठविणाऱ्यासच ठाऊक असते. ते लपविणाऱ्याने जोखमीचे मोल दिलेले नसते. पुढे १८३० च्या इंग्लिश वाहक कायद्याने ह्याच तत्त्वास निश्चित रूप दिले. सोने, घड्याळे, काच, चिनी मातीची भांडी, रेशीम इत्यादी अनुसूचित वस्तूंचे मूल्य दहा पौंडांहून अधिक असेल, तर ते आधी घोषित करून जादा आकार दिल्याशिवाय वाहक जबाबदार नाही, असे ठरले. ‘घोषित मूल्य’ ही संकल्पना अशा रीतीने कायद्यात आली. मूलतः ती न्याय्यच होती.

३. १८६५ चा अधिनियम आणि मुंबई-कलकत्त्याचा मतभेद

भारतात १८६५ च्या तिसऱ्या अधिनियमाने ही चौकट जवळजवळ तशीच स्वीकारली. मर्यादा शंभर रुपयांची ठरली. अनुसूचीत सोने, जवाहीर, काच, रेशीम, शाली, हस्तिदंती व चंदनी वस्तू, इतकेच नव्हे तर हुंड्याही समाविष्ट होत्या. येवल्याच्या पैठणीसारखे रेशमी व जरीचे वस्त्र ह्या अनुसूचीत सहज बसते. जादा दराची सूचना वाहकाने आपल्या कचेरीत इंग्रजीत आणि त्या प्रदेशाच्या देशी भाषेत लावली पाहिजे, असेही ह्या कायद्यात होते. माल पाठविणाऱ्याने सही केलेल्या विशेष कराराने अनुसूचीबाहेरील मालाची जबाबदारी मर्यादित करण्याची मुभा वाहकास मिळाली. पण सर्वांत महत्त्वाचे कलम नववे होय. नुकसान वाहकाच्या किंवा त्याच्या नोकरांच्या निष्काळजीपणामुळे झाले हे वादीने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर वाहकाने द्यावे, हे तत्त्व ह्या कलमाने भारतीय कायद्यात रुजविले.

सात वर्षांनी, १८७२ साली, करारविषयक अधिनियम झाला आणि वाद उत्पन्न झाला. त्या अधिनियमानुसार दुसऱ्याचा माल सांभाळण्यासाठी स्वीकारणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेतो तेवढी घेतली म्हणजे पुरे. हाच सौम्य नियम वाहकासही लागू होतो काय? मुंबई उच्च न्यायालयाने १८७८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेविरुद्धच्या खटल्यात त्यास होकारार्थी उत्तर दिले. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८३ साली नकारार्थी दिले. अखेर १८९१ साली इरावती नदीवरील जहाजकंपनीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याचे मत ग्राह्य मानले. सार्वजनिक वाहकाची विमेकऱ्यासारखी जबाबदारी भारतात कायम राहिली.

दुसरीकडे, १८९९ साली ह्या कायद्यात सूचनेचे कलम घालण्यात आले. नुकसान वादीच्या प्रथम ध्यानात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत वाहकास लेखी सूचना दिली पाहिजे, असे ठरले. प्रपत्रातील तिसऱ्या प्रश्नाचे हे भारतीय मूळ होय. मुदत ‘ध्यानात आल्यापासून’ मोजावयाची होती, हा तपशील पुढील विवेचनासाठी स्मरणात ठेवावा.

४. रेल्वेचे जोखीम-पत्र

कायद्याचे तत्त्व एकीकडे दृढ होत असताना देशातील सर्वांत मोठा वाहक त्याच्या कक्षेबाहेर जात होता. १८९० च्या रेल्वे अधिनियमाने रेल्वेची जबाबदारी केवळ माल सांभाळणाऱ्याच्या पातळीवर आणून ठेवली. एवढ्यावरही भागले नाही. ‘मालकाच्या जोखमीवर’ हा कमी भाड्याचा दर आणि ‘रेल्वेच्या जोखमीवर’ हा अधिक भाड्याचा दर असे दोन दर ठेवले गेले. कमी दराने माल पाठवावयाचा असेल तर पाठविणाऱ्यास एका जोखीम-पत्रावर सही करावी लागे. लहान व्यापाऱ्याचा कल कमी भाड्याकडे असणे अपरिहार्य होते.

ह्या पत्रांच्या निरनिराळ्या नमुन्यांपैकी ‘अ’ नमुना सदोष बांधणीच्या मालासाठी होता. बांधणी सदोष आहे अशी कबुली पाठविणाऱ्याकडून आरंभीच लिहून घेतली जाई. प्रपत्रातील दुसऱ्या प्रश्नाचा हा पूर्वज होय. ‘ब’ नमुना कमी दराच्या मालासाठी होता. त्याच्या जुन्या मसुद्यानुसार संपूर्ण माल किंवा संपूर्ण नग गहाळ झाला आणि तो रेल्वेच्या जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीमुळे अथवा नोकरांच्या चोरीमुळे गहाळ झाला, असे सिद्ध झाले तरच भरपाई मिळू शकत होती. नग फुटला, भिजला वा अर्धा रिकामा झाला तर भरपाईचा प्रश्नच नव्हता. हेळसांडीचा पुरावा रेल्वेच्या वखारीत, गार्डाच्या नोंदवहीत आणि हमालांच्या स्मरणात असे. तो आणून दाखविण्याचा भार मात्र दूरच्या गावातील व्यापाऱ्यावर असे. १७०३ साली होल्ट ह्यांनी जी अडचण ओळखून नियम घडविला होता, तीच अडचण कागदावरील एका सहीने पुन्हा उभी राहिली.

ह्याविरुद्ध व्यापारीवर्गाची तक्रार दीर्घकाळ चालू होती. १९२४ साली जोखीम-पत्राचा नमुना बदलण्यात आला आणि त्यात एक नवे बंधन आले. माल आपल्या ताब्यात असेपर्यंत त्याची व्यवस्था कशी केली गेली, हे रेल्वेने पाठविणाऱ्यास उघड करून सांगितले पाहिजे, आणि आवश्यक तर त्याचा पुरावाही आधी दिला पाहिजे. त्यातून गैरवर्तनाचे अनुमान निघत नसेल तरच पुढील भार पाठविणाऱ्यावर येईल. सुरतेच्या एका कापडगिरणीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९३७ साली ह्या बंधनाचा अर्थ अधिक विस्तृत केला. माहिती उघड करण्याचे कर्तव्य खटला उभा राहिल्यावर नव्हे, तर त्यापूर्वीच, न-पोचविल्याची तक्रार येताच उत्पन्न होते, असा त्याचा निष्कर्ष होता. १९४९ च्या दुरुस्तीने ही तरतूद करारपत्रातून उचलून प्रत्यक्ष अधिनियमात घालण्यात आली. पुढे वाहतूकदरांची चौकशी करणाऱ्या समितीच्या शिफारशीस अनुसरून १९६१ च्या दुरुस्तीने रेल्वेची सामान्य जबाबदारी सार्वजनिक वाहकाच्या पातळीवर आणली गेली. ती १ जानेवारी १९६२ पासून अमलात आली. दाव्यांच्या निर्णयासाठी १९८७ च्या कायद्यान्वये स्वतंत्र रेल्वे दावा न्यायाधिकरण निर्माण झाले. मालकाच्या जोखमीचा दर मात्र १९८९ च्या नव्या रेल्वे अधिनियमातही टिकून राहिला.

५. टपाल आणि व्ही. पी.

घरबसल्या खरेदीचा आरंभ भारतात टपालाने झाला. १८७७ साली व्ही. पी. पद्धत सुरू झाली आणि पुस्तके, औषधे, घड्याळे आदी वस्तू खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. ग्राहकाने पोस्टमनला पैसे द्यावे, मग पार्सल फोडावे, आणि पैसे टपालखात्यामार्फत विक्रेत्याकडे जावे, ही आजच्या ‘माल मिळताच पैसे’ ह्या पद्धतीची पूर्वपीठिका होय.

परंतु टपालखाते हा व्यापारी वाहक नव्हे, ही भूमिका कायद्याने प्रथमपासून घेतली. १८९८ च्या टपाल अधिनियमाच्या सहाव्या कलमान्वये, शासनाने स्पष्टपणे पत्करलेली मर्यादा सोडून, वस्तू हरवणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, विलंब होणे वा मोडणे ह्यांची कोणतीही जबाबदारी शासनावर नव्हती. संरक्षण हवे असेल तर वस्तूचा टपालखात्याकडे विमा उतरवावा, एवढाच मार्ग होता. १८ जून २०२४ रोजी अमलात आलेल्या २०२३ च्या टपाल अधिनियमानेही नियमांनी विहित केलेल्या जबाबदारीपलीकडे खात्यावर जबाबदारी नाही, हे तत्त्व चालू ठेवले आहे.

व्ही. पी. पद्धतीने आणखी एक प्रश्न उपस्थित केला. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार विक्रेत्याने माल वाहकाच्या हवाली केला की सामान्यतः तो ग्राहकास दिल्यासारखाच मानला जातो, आणि मालकीबरोबर जोखीमही ग्राहकाकडे जाते. हा नियम दोन व्यापाऱ्यांमधील व्यवहार डोळ्यांपुढे ठेवून झाला होता. व्ही. पी.मध्ये मात्र पैसे मिळेपर्यंत विक्रेता मालावरील ताबा सोडत नाही. रतलामच्या एका सुगंधी द्रव्यांच्या पेढीच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असे म्हटले की, व्ही. पी.च्या व्यवहारात किंमत वसूल करण्यापुरते टपालखाते विक्रेत्याचे प्रतिनिधी असते व पैसे दिल्यावरच ग्राहकास मालाचा हक्क मिळतो. प्रश्न कराचा होता. परंतु दूरस्थ किरकोळ विक्रीत माल मार्गस्थ असताना तो विक्रेत्याचाच असतो, ही आजच्या व्यवहारातील स्थिती त्या विवेचनात आधीच दिसते.

६. रस्ता, कुरियर आणि मर्यादेची सही

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहतूक मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली व लहान पार्सले कुरियर संस्थांकडे गेली. येथे मर्यादेच्या कलमास नवे महत्त्व आले. तयार कपड्यांच्या एका निर्यातदाराची कागदपत्रे जर्मनीस वेळेवर पोचली नाहीत व त्यास मोठा तोटा झाला. पावतीवरील छापील अटीत वाहकाची जबाबदारी शंभर अमेरिकन डॉलरपर्यंत मर्यादित होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की, सही केलेल्या अटी पाठविणाऱ्यावर बंधनकारक आहेत. उलटपक्षी, वाहकाच्या गोदामातील आगीत जनित्रे जळाल्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने २००० साली ठरविले की, निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वादीवर नाही हे १८६५ च्या नवव्या कलमाचे तत्त्व ग्राहक-न्यायासनांपुढेही लागू होते. जबाबदारी आहे, परंतु तिचे मोल करारावरील आकड्याने बांधलेले आहे, असा ह्या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ होतो.

२००७ च्या रस्ता-वाहतूक अधिनियमाने १८६५ चा अधिनियम रद्द झाला; नवा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. सार्वजनिक वाहकाच्या व्याख्येत त्याने कुरियर संस्थांचा स्पष्ट उल्लेख केला आणि निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वादीवर नाही, हे तत्त्वही राखले. मात्र अधिक जोखमीचा दर दिलेला नसल्यास भरपाईची सामान्य मर्यादा नियमांनी भाड्याच्या दहापट ठरविली. साठ रुपये भाड्याच्या पार्सलात तीन हजारांची वस्तू असेल, तर मर्यादा सहाशे रुपयांची होते. सूचनेची मुदत १८० दिवसांची असली तरी ती आता माल नोंदविल्याच्या दिवसापासून मोजली जाते. १८९९ प्रमाणे नुकसान ध्यानात आल्यापासून नव्हे. शब्दांतील हा बदल लहान आहे. परंतु जाणण्याशी मुदतीचा असलेला संबंध त्याने तोडला, हे विसरता येत नाही.

७. ऑनलाइन विक्रेत्याची स्थिती

फ्लिपकार्टची स्थापना २००७ साली झाली आणि ॲमेझॉनने आपली भारतीय बाजारपेठ २०१३ साली उघडली. परकीय गुंतवणुकीविषयीच्या २०१६ च्या शासकीय धोरणपत्रकाने ह्या बाजारपेठांचे स्वरूप निश्चित केले. बाजारपेठेने स्वतः माल बाळगू नये. गोदाम, वाहतूक, पैशाची वसुली अशा सेवा तिने विक्रेत्यास पुरवाव्यात. माल ग्राहकास पोचविणे व ग्राहकाचे समाधान ही जबाबदारी विक्रेत्याची राहील. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास वा पैसे परत देण्यास विक्रेत्यास नकार देता येणार नाही, असे ठरविले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होय, पूर्वीच्या व्ही. पी. ग्राहकास असे संरक्षण नव्हते.

परंतु ह्याचा परिणाम असा झाला की, १९३० च्या अधिनियमाने ग्राहकावर टाकलेली मार्गस्थ जोखीम व्यवहारात संपूर्णपणे विक्रेत्याकडे आली. ती त्याच्याकडे आली तेव्हा वाहक निवडण्याचे स्वातंत्र्य पुष्कळदा त्याच्याकडे राहिले नव्हते. बाजारपेठेने नेमलेला वाहक माल उचलतो. विक्रेत्याचा करार बाजारपेठेशी असतो, बाजारपेठेचा वाहकाशी. सावंतवाडीच्या कारागिराचे आणि त्याची पेटी हाताळणाऱ्या कुरियर संस्थेचे नाते अशा वेळी अप्रत्यक्ष असते. भरपाई मिळालीच तर ती बाजारपेठेच्या अंतर्गत दावा-पद्धतीतून, तिच्या मुदतीनुसार व तिने ठरविलेल्या पुराव्यावर मिळते. ग्राहक-न्यायासनाकडे जाण्याच्या मार्गातही अडथळा आहे. २००२ च्या दुरुस्तीपासून व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवा ‘ग्राहक’ ह्या व्याख्येतून वगळल्या गेल्या आहेत. उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांचा अपवाद २०१९ च्या अधिनियमातही आहे, पण आपण त्यात बसतो हे विक्रेत्यासच दाखवावे लागते.

स्वतंत्र विमा हा पर्याय आहे आणि मोठे विक्रेते तो वापरतात. देशांतर्गत मार्गाचा विमा भारतात सागरी विम्याच्या शाखेतच मोडतो. १९६३ च्या सागरी विमा अधिनियमानुसार, करारात अन्यथा नमूद नसेल तर, सामान्य गळती, सामान्य मोडतोड आणि मालाचा अंगभूत दोष ह्यांस विमेकरी जबाबदार नसतो. अपुऱ्या वेष्टनाचा अपवाद १९२४ च्या हेग नियमांत जहाजमालकांस मिळालेला आहे व विम्याच्या प्रचलित अटींतही तो आढळतो. काचसामान किंवा देवगडचा हापूस पाठविणाऱ्या विक्रेत्यास हे शब्द दाव्याच्या वेळीच प्रथम भेटतात, ही खरी अडचण आहे. शिवाय भरपाई दिल्यावर वाहकाविरुद्धचे हक्क विमा कंपनीकडे जातात; म्हणून विक्रेत्याने वाहकास वेळेवर सूचना दिली नसेल, तर तो विमेकऱ्याचाही हक्क बुडवितो आणि स्वतःचा दावा दुबळा करतो.

८. चौथा प्रश्न

आता आरंभी मांडलेल्या चार प्रश्नांकडे वळता येईल. मूल्य घोषित करणे हे १७६९ च्या खिळ्यांच्या पिशवीपासून चालत आलेले, तत्त्वतः न्याय्य बंधन आहे. वेष्टन पुरेसे असावे हेही योग्य आहे, कारण वेष्टन पाठविणाऱ्याच्या हाती असते. सूचनेस मुदत असावी हेही मान्य होण्याजोगे आहे, कारण विलंबाने पुरावा नष्ट होतो. ह्या तिन्ही बंधनांचा आधार एकच आहे : जो जाणतो त्याने सांगावे. परंतु त्याच आधारावर चौथे बंधनही उभे आहे, आणि इतिहासात ते नेहमी ह्या तिघांच्या जोडीने उभे होते. पहिली तीन बंधने कायम ठेवून चौथे गाळले म्हणजे मूळ तत्त्वाचा तोल बिघडतो.

१८६५ च्या व्यापाऱ्यास वाहकाच्या गोदामात काय घडले ते कळण्याचा मार्ग नव्हता, आणि कित्येकदा वाहकासही ते नक्की ठाऊक नसे. आज स्थिती उलट आहे. प्रत्येक पार्सलाची टप्प्याटप्प्यावर संगणकात नोंद होते. कोणत्या वेळी ते कोणत्या केंद्रात होते आणि कोणाकडे सोपविले गेले, ह्याचा वृत्तान्त अस्तित्वात असतो. त्यातील थोडासा भाग विक्रेत्यास दिसतो. उरलेला वाहकाच्या व बाजारपेठेच्या ताब्यात राहतो. अशा वेळी विक्रेत्याकडून बांधणीची छायाचित्रे व चित्रफिती मागणे आणि वाहकाचा वृत्तान्त न मागणे, हे जुन्या ‘ब’ नमुन्याकडे परत जाण्यासारखे आहे. एखादी गोष्ट विशेषत्वाने ज्याच्या ज्ञानात असते तिच्या सिद्धतेचा भार त्याच्यावर असतो, हे १८७२ च्या पुरावा अधिनियमातील तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही टिकून आहे. परंतु ते न्यायालयासाठी आहे, आणि आठशे रुपयांच्या मोडक्या खेळण्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही. त्या खेळण्याचा निकाल दाव्याच्या प्रपत्रावरच लागतो.

म्हणून १९२४ ते १९४९ ह्या कालखंडातील रेल्वेच्या कायद्याचा अनुभव केवळ पुराणवस्तू नव्हे. वाहकाची जबाबदारी न वाढविता, भाड्याचे दर न बदलता, केवळ ‘माल कसा हाताळला ते आधी सांगा’ एवढे बंधन घालून त्या काळी पाठविणाऱ्याची बाजू सावरली गेली. वाहकाने उत्तर दिले तर सत्य कळे. न दिले तर त्याचे मौन त्याच्याविरुद्ध जाई. ऑनलाइन व्यापाराचे नियम करणाऱ्यांनी आणि त्या नियमांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा अनुभव पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. हुंडेकऱ्यास व्यापारी फक्त एवढेच विचारीत असे की, माल कोठे आहे. तोच प्रश्न विचारण्याचा आणि त्याचे पूर्ण उत्तर मिळविण्याचा अधिकार आजच्या विक्रेत्यास आहे किंवा नाही, ह्यावर दाव्याच्या प्रपत्राची न्याय्यता अवलंबून राहील.